वेल्डर घरी गेल्यानंतरचा तास
कारखाना, गोदाम आणि घरात वेल्डिंग करताना आग कशी टाळावी

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी मेंटेनन्स बघत होतो, तेव्हाची गोष्ट. छपराच्या कैचीला एक अँगल जोडायचा होता. अर्ध्या तासाचं काम. मिस्त्री घोडीवर चढला, हेल्पर खाली घोडी धरून उभा, खालचे गठ्ठे आम्ही सरकवले. सहाला काम संपलं, केबल गुंडाळली, चहा झाला, मंडळी घरी गेली. साडेआठला वॉचमनचा फोन: "साहेब, आग कुठं दिसंना, पण जळका वास यायलाय."

धावत गेलो. ज्वाळा नाही, धुराचा लोट नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात हवा जराशी निळसर दिसत होती, इतकंच. वास हुंगत हुंगत गठ्ठ्यांच्या थप्पीपाशी पोचलो. कामाच्या जागेपासून ही थप्पी आठ-नऊ मीटर लांब, भिंतीला लागून. वरून तिसऱ्या गठ्ठ्याच्या कडेला आठ आण्याच्या नाण्याएवढं तपकिरी भोक होतं. हात लावला तर चटका. मी घाईत दोरी कापून गठ्ठा उघडला, आणि तिथंच चुकलो. आत मुठीएवढा निखारा धुमसत होता. त्याला वारा मिळाला आणि भक्कन जाळ वर आला. पाण्याच्या दोन बादल्या हाताशी होत्या म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला भोक दाखवलं तर म्हणाला, "मी तर तिकडं तोंडपण केलं नव्हतं की ओ." खरं होतं त्याचं. ठिणगी कैचीच्या दुसऱ्या अँगलवर आपटून तिकडं उडाली होती.

तेव्हापासून वेल्डिंगच्या कामाकडे बघायची माझी नजर बदलली. ही आग सहसा वेल्डरच्या समोर लागत नाही. त्याच्या पाठीमागे लागते, खालच्या मजल्यावर लागते, भिंतीपलीकडे लागते, आणि बहुतेक वेळा तो घरी गेल्यावर लागते. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात वेल्डिंग कसं करावं हे कमी आहे. काम सुरू व्हायच्या आधीचा एक तास आणि संपल्यानंतरचा एक तास, यावरच भर आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलच्या वरून जाणाऱ्या रस्त्याच्या जोडाचं वेल्डिंग चालू होतं. त्या उष्णतेनं खालच्या छताच्या पोकळीतलं थर्मोकोलच्या जातीचं इन्सुलेशन पेटलं आणि १७ माणसं गेली. काम रस्त्यावर, माणसं गेली ती इमारतीत. बोस्टन शहरात २६ मार्च २०१४ ला सोसाट्याचा वारा असताना शेजारच्या इमारतीचं लोखंडी रेलिंग वेल्ड करत होते. त्या ठिणग्यांनी लागलेल्या आगीत अग्निशमन दलाचे दोन जवान मेले. आणि २५ मे २०२४ ची राजकोटच्या गेम झोनची आग तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. पत्र्याचं शेड, वर वेल्डिंग, खाली पेट घेणारं सामान, आणि २७ मृत्यू.

हॉट वर्कमध्ये काय काय धरायचं

आर्क वेल्डिंग आणि गॅस कटिंग सगळ्यांना कळतं. पण ग्राइंडरला कोणी मोजत नाही. चार इंची ग्राइंडरनं पाइप कापताना जी फुलबाजी उडते तीही त्यातच येते. एसीच्या तांब्याच्या नळ्यांचं ब्रेझिंग, गच्चीवर टॉर्चनं गरम करून चिकटवायचे डांबरी वॉटरप्रूफिंग शीट, ब्लो-लॅम्पनं जुना रंग काढणं, हेही त्यातच. थोडक्यात, ठिणगी, ज्योत किंवा पेट घेण्याइतकी उष्णता तयार होत असेल तर ते हॉट वर्क, मग ते पाच मिनिटांचं का असेना. माझा अनुभव असा की पाच मिनिटांचं कामच जास्त घातक, कारण त्यासाठी कोणी तयारी करत नाही.

वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. लोखंड १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. कापूस साधारण ४०० अंशांना पेट घेतो, आणि ज्वाळेशिवाय धुमसायला तर त्याहून कमी उष्णता पुरते. लाल दिसणारा थेंब काळा पडला की तो गार झाला असं आपल्याला वाटतं. पण काळा पडलेला थेंबसुद्धा कापडाच्या घडीत शिरला तर त्याच्याजवळ पुरेशी उष्णता शिल्लक असते. सोलापुरात तर आपण बसलोय कापसावर. चादर, टॉवेल, सुताचे कोन, युनिफॉर्मचं कटिंग, पुठ्ठ्याचे बॉक्स, प्लॅस्टिकच्या पिशव्या. थेंबाला लपायला जागाच जागा.

आधी विचारा: हे इथंच जोडायचंय का?

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते काम तिथं न करणं. मालक मंडळींना हे सांगितलं की ती हसतात, पण विचार करून बघा. मशीनचा गार्ड तुटलाय तर तो चार बोल्ट काढून फॅब्रिकेशनच्या दुकानात नेता येतो का? छपराच्या पत्र्याला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू चालतो का? अँगल नट-बोल्टच्या क्लॅम्पनं धरता येतो का? जुना पाइप ग्राइंडरऐवजी हॅकसॉनं कापता येतो का? वेळ लागेल, हात दुखतील, पण ठिणगी नाही. रेडिमेड फ्रेम बाहेर अंगणात वेल्ड करून आणली आणि आत फक्त बोल्ट मारले, तर निम्मी चिंता गेली. माझ्या अंदाजानं कारखान्याच्या आत होणाऱ्या वेल्डिंगपैकी बरंचसं केवळ आळसापोटी आत होतं.

आत करणं भागच असेल तर वेळ निवडा. आपल्याकडे पद्धत अशी की माग चालू असताना अडचण नको म्हणून वेल्डिंग संध्याकाळी नाहीतर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. हे उलटं आहे. मशिनरी बंद ठेवा, ते बरोबरच, पण माणसं हजर असायला हवीत. सकाळी करा. दुपारपर्यंत आटपलं की पुढचे तीन-चार तास कोणाचं ना कोणाचं नाक आणि डोळे तिथं असतात. पाळी सुटायच्या आधीच्या दोन तासांत हॉट वर्क सुरूच करायचं नाही, असा नियम मी पाळतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत तर सकाळच बरी. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत सगळं आधीच वाळून कोळ झालेलं असतं आणि दुपारनंतर वळवाच्या आधीचं वारं सुटतं.

अकरा मीटरचा फेरा

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए ५१बी या मानकात कामाच्या जागेभोवती ३५ फूट, म्हणजे साधारण ११ मीटर, जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. आपल्याकडेही वेल्डिंग-कटिंगमधल्या आगीच्या खबरदारीसाठी आयएस ३०१६ हे वेगळं मानक आहे. पुस्तक हाती नसेल तर ११ मीटर एवढं डोक्यात ठेवा. साध्या पावलांनी पंधरा-सोळा पावलं होतात. चालून बघा, अंदाजापेक्षा बरंच लांब जातं. आणि काम उंचावर असेल तर ठिणगी याहून लांब पोचते, मग फेरा वाढवायचा.

पण हा फेरा जमिनीवरचा नाही, तो चेंडूसारखा सगळ्या बाजूंनी असतो. काम सुरू करायच्या आधी मी ही चक्कर एकटा मारतो, मिस्त्रीला बरोबर घेत नाही, कारण त्याला घाई असते.

खाली बघा. फरशीतल्या फटी, पाइप जाण्यासाठी पाडलेली भोकं, लिफ्टचा खड्डा, जिन्याची पोकळी, केबल ट्रेंच. दुसऱ्या मजल्यावर वेल्डिंग असेल तर पहिल्या मजल्यावर जाऊन छताकडे बघा. कुठून उजेड दिसतो तिथून थेंब पडणार. ट्रेंचमध्ये तर तेलकट चिंध्या असतातच असतात.

वर बघा. फॉल्स सीलिंग असेल तर एक टाइल उचलून टॉर्च मारा. वर थर्मोकोल, फोम, जुने पुठ्ठे, उंदराचं घर, काहीही निघतं.

पलीकडे बघा. भिंतीत घुसलेला पाइप किंवा गर्डर तुम्ही अलीकडे तापवलात तर उष्णता लोखंडातून पलीकडे चालत जाते. पलीकडे त्याच गर्डरला सुताचं पोतं टेकलेलं असेल तर ठिणगीची गरजच नाही. पत्र्याच्या पार्टिशनचंही तसंच. आणि पत्र्याच्या दोन थरांत फोम भरलेले पॅनेल असतील तर त्यावर वेल्डिंग करायचंच नाही, झाकून नाही, भिजवून नाही. आतला फोम पेटला की बाहेरून पाणी पोचत नाही.

डक्ट आणि एक्झॉस्ट फॅन विसरू नका. चालू पंखा ठिणगी ओढून घेतो आणि डक्टमधल्या कापसाच्या थरात नेऊन टाकतो. काम चालू असेपर्यंत पंखे बंद, डक्टचं तोंड पत्र्यानं झाकलेलं.

हलवा, नाहीतर भिजवा, नाहीतर झाका

क्रम हाच. हलवता येण्याजोगं सगळं फेऱ्याच्या बाहेर. गठ्ठे, बॉक्स, थिनरचे डबे, रंग, गोंद, सुट्या चिंध्या, कचऱ्याचे डबे. थिनर आणि चिकटवायच्या द्रावणाचे डबे नुसते लांब ठेवून भागत नाही. त्यांची वाफ जमिनीलगत सरपटत येते. ते दुसऱ्या खोलीत जाऊ देत, आणि त्या दिवशी तिथं रंगकाम चालू असेल तर दोन्हीपैकी एकच काम होईल.

जे हलत नाही, म्हणजे लाकडी चौकट, लाकडी जमीन, मागावर चढवलेला बीम, त्याची व्यवस्था जागेवर. लाकूड भिजवा. बीमवर पाणी मारणार नाही हे उघड आहे, तिथं वेल्डिंग ब्लँकेट लागतं, काचतंतूंच्या कापडाचं. कडा एकमेकींवर चढवून, फटी न ठेवता. जमिनीशी थेंब घरंगळत आत शिरतो, तेव्हा खालची कड दाबून ठेवा.

आता काय झाकायला वापरायचं नाही ते सांगतो, कारण रोज तेच दिसतं. ताडपत्री नको, ती वितळून पेटते. पुठ्ठा नको. आणि कृपा करून जुनी सोलापुरी चादर नको! आगीवर कापूस अंथरायचा आणि वर म्हणायचं झाकलंय. ओलं गोणपाट चालतं, पण मे महिन्यात ते बघता बघता वाळतं आणि वाळलेलं गोणपाट म्हणजे सरपण. ते वापरलंत तर कोणीतरी सतत पाणी मारत राहायला हवं.

कापडाच्या कारखान्यातली खरी कटकट वेगळीच आहे. कैच्यांवर, पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर), ट्यूबलाइटच्या पट्ट्यांवर कापसाची धूळ जळमटासारखी लोंबत असते. हिला ठिणगी लागली की आग तिच्यावरून सुतळी पेटावी तशी सरसर पळते आणि दहा ठिकाणी जळते तुकडे खाली टाकते. म्हणून आदल्या दिवशी माग बंद करून छत झाडून घ्यायचं. कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. ती धूळ हवेत पसरते, पुन्हा सगळीकडे बसते, आणि कोपऱ्यांत जिथं कधीच नव्हती तिथंही जाते. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, नाहीतर लांब दांड्याचा ओला झाडू. झाडलेलं पोत्यात भरून शेडच्या बाहेर.

मशीन, केबल, टाक्या

वेल्डिंग मशीनच्या दोन केबल असतात. होल्डरच्या केबलकडे सगळे बघतात. दुसरी, अर्थिंगची, ती कुठंतरी लांब कॉलमला किंवा पाण्याच्या पाइपला सळईच्या तुकड्यानं अडकवलेली असते. करंट मग तिथपर्यंत इमारतीच्या लोखंडातून वाट काढत जातो, आणि जिथं सांधा सैल असेल तिथं तापतो. वेल्डिंग इकडं, आणि भलत्याच भिंतीत पाइपच्या सांध्याला ठिणगी. अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या तुकड्यालाच, रंग घासून, घट्ट. केबलला टेप गुंडाळलेले सांधे असतील तर काम थांबवून बदला. रॉडची उरलेली थोटकं पत्र्याच्या डब्यात टाका. पायाखाली टाकलेलं थोटूक लाल असतं.

गॅस कटिंगच्या टाक्यांबद्दल थोडक्यात. टाक्या उभ्या आणि साखळीनं बांधलेल्या. ऑक्सिजनची टाकी काळी, ॲसिटिलीनची गडद तपकिरी-तांबडी. ॲसिटिलीनची टाकी आडवी ठेवून कधीही वापरायची नाही आणि तिचा कामाचा दाब १५ पीएसआयच्या वर न्यायचा नाही. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर हवा, म्हणजे ज्योत उलटी टाकीकडे जात नाही. सांधे साबणाच्या फेसानं तपासा, काडी ओढून नव्हे (हो, असं करणारे आजही आहेत). ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागू द्यायचं नाही, ग्रीसचे हात तर अजिबात नाही. आणि घाम वाळवायला किंवा कपड्यावरची धूळ उडवायला ऑक्सिजन मारून घेणारा हेल्पर दिसला तर तिथल्या तिथं थांबवा. ऑक्सिजन मुरलेला कपडा एका ठिणगीनं अंगावर जाळ होतो. जेवणाच्या सुट्टीत टॉर्चचा नॉब बंद करून भागत नाही, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कोंदट खोलीत नळी गळत राहिली तर सुट्टीनंतरची पहिली काडी शेवटची ठरू शकते.

एक पान कागद

मोठ्या कंपन्यांत हॉट वर्क परमिट, म्हणजे अशा कामाची लेखी परवानगी, असते. छोट्या कारखान्यात साधी दोनशे पानी वही पुरते. कागदामुळे आग विझत नाही हे मलाही कळतं. पण लिहायला बसलं की पाय आपोआप भिंतीपलीकडे जातात. आमच्या वहीतलं एक पान असं:

काम: पॅकिंग हॉलच्या पूर्व भिंतीवर पाइपचे तीन सपोर्ट, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग.
वेळ: सकाळी १० ते १. आजच्यापुरतंच.
खाली-वर-पलीकडे: पलीकडे सूत गोदाम, भिंतीलगतचे कोन काढले. वर छत झाडलं. खाली ट्रेंच पत्र्यानं झाकली.
पाणी: वरच्या टाकीत पाऊण, दोन ड्रम भरलेले. आग विझवायची एबीसी पावडरची दोन सिलिंडर, काटा हिरव्यात.
पहारा: हेल्पर एक हॉलमध्ये, एक गोदामात. २ वाजेपर्यंत.
सही: मेंटेनन्स, वेल्डर, पहारा करणारे दोघे.

"पाणी" ही ओळ मी मुद्दाम घातली. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी टाकी खडखडीत असते त्या दिवशी वेल्डिंग नाही, पाणी येईल त्या दिवशी. होज रील आहे पण टाकीत पाणी नाही, असलं दृश्य मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. स्मोक डिटेक्टर धुरानं वाजतो म्हणून बंद करावा लागला तर तेही वहीत लिहा, आणि सायंकाळी चालू केल्याची सही वेगळी घ्या.

कायद्याचंही सांगून टाकतो. कारखाने अधिनियम, १९४८ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) च्या कलम ३७ मध्ये पेट घेणारे पदार्थ असलेल्या किंवा आधी असलेल्या टाक्या-भांड्यांवर, ते पदार्थ आणि त्यांची वाफ काढून टाकल्याशिवाय, वेल्डिंग-कटिंग करायला मनाई होती. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, आणि ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं नमुना 'ब' प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ठेकेदारानं काम घेतलं म्हणून ही जबाबदारी त्याच्याकडे जात नाही.

पहाऱ्याचा माणूस

सगळ्या लेखातलं एकच काही अमलात आणायचं असेल तर हे आणा. वेल्डरच्या डोळ्यांवर काळी काच असते. त्याला रॉडच्या टोकाशिवाय काही दिसत नाही. त्याच्या वाटचं बघायला दुसरा माणूस लागतो, आणि त्याला त्या वेळात दुसरं काम नसतं. घोडी धरणारा हेल्पर म्हणजे पहारा नव्हे. तो वर बघत असतो. रॉड आणून देणारा, चहा आणणारा, मोबाइल बघणारा, कोणीच नाही.

या माणसाला सिलिंडर आधी एकदा हातात देऊन शिकवा. पिन ओढ, नोझल ज्वाळेच्या बुडाशी धर, दाब, झाडू मारल्यासारखं इकडून तिकडे फिरव. सहा किलोचं सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आतच रिकामं होतं, ज्वाळेच्या शेंड्यावर मारलं तर वाया. पण कापसाच्या बाबतीत पावडरवर भिस्त ठेवू नका. पावडर ज्वाळा मारते, आतला निखारा तसाच राहतो. कापडाला पाणी लागतं, मुरणारं पाणी. आम्ही शेतातल्या फवारणीचा पाठीवरचा पंप ठेवतो, नवा कोरा, औषध कधी न भरलेला. पाण्यात चमचाभर कपडे धुण्याची पावडर विरघळवली की पाणी कापसात लवकर शिरतं. हॉलभर हिंडता येतं आणि माल फुकट भिजत नाही. मात्र वेल्डिंग मशीनच्या आसपास पाणी मारायच्या आधी मेन स्विच पाडायचा.

काम दोन मजल्यांवर किंवा भिंतीच्या दोन बाजूंना पोचत असेल तर पहाऱ्याची माणसं दोन. दोघांनाही काम थांबवायचा अधिकार हवा, आणि तो वेल्डरसमोर मालकानं स्वतः सांगायला हवा. नाहीतर हेल्परच्या "थांबा की ओ मिस्त्री"ला कोण विचारतो?

शेवटची ठिणगी पडल्यावर पहारा संपत नाही, तिथून घड्याळ लावायचं. पूर्वी अर्धा तास पुरेसा मानत. एनएफपीए ५१बीच्या २०१९ च्या आवृत्तीपासून तो किमान एक तास झाला. आमचा गठ्ठा अडीच तासांनी वास देत होता, त्यामुळे आम्ही तासभर सलग आणि पुढचे तीन तास दर अर्ध्या तासानं एक चक्कर मारतो. चक्कर मारताना दिवे बंद करून बघायचं. निखारा अंधारात दिसतो. मग वास. मग हाताची पालथी बाजू थप्पीच्या जवळून फिरवायची, ऊब लागते का. वॉचमनच्या हाती कारखाना देताना "आज इथं वेल्डिंग झालंय" हे तोंडी आणि वहीतही. त्या रात्री आमच्या वॉचमनला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं नाक चांगलं होतं, एवढंच.

रिकामा ड्रम

थिनरचा, डिझेलचा, रंगाच्या रसायनांचा रिकामा ड्रम कापून कचराकुंडी नाहीतर पाण्याची टाकी बनवायची हौस फार. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा घातक, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार असतं. झाकण उडतं आणि समोर असलेल्याला घेऊन जातं. आत काय होतं हे कळत नसेल तर हात लावू नका. करायचंच तर तो पुरता धुऊन, वाफेनं साफ करून, कापायच्या रेघेच्या जेमतेम खालीपर्यंत पाण्यानं भरून, तोंड उघडं ठेवून, आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. नवा ड्रम विकत मिळतो.

घरातलं काम

खिडकीची ग्रील, गच्चीचा जिना, टाकीचा स्टँड, शटर. घरी फेरा अकरा मीटरचा ठेवता येत नाही, पण चक्कर तीच. पडदे काढून ठेवा, गादी-उशा दुसऱ्या खोलीत, खिडकीच्या खाली लावलेल्या मोटारसायकली हलवा, खालच्यांच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे त्यांना सांगून काढायला लावा. स्वयंपाकघराला लागून काम असेल तर गॅसची टाकी बाहेर. वेल्डिंग झाल्या झाल्या रंगवायला थिनरचा डबा उघडतात, तो लोखंड हाताला गार लागल्याशिवाय उघडू द्यायचा नाही.

पेठांतल्या जुन्या माळवदी घरांत जास्त जपायला हवं. मातीखाली लाकडी तुळया आणि फळ्या असतात. त्यांच्या फटीत गेलेला थेंब वरून दिसत नाही, मातीच्या आड तासन्‌तास धुमसतो. अशा घरात लोखंड बाहेर जोडून आणा, आत फक्त स्क्रू. खाली माग आणि वर घर असेल तर खालच्या वेल्डिंगच्या वेळी वर कोणी झोपलेलं नसावं, आणि जिन्याचं दार मोकळं असावं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत ८ जण गेले. त्यात कारखान्यातच राहणारं कुटुंब होतं. ती आग मी वेल्डिंगच्या खात्यावर टाकत नाही. कापडाच्या धुरात माणसाला किती वेळ मिळतो, ते मात्र त्या दिवशी सगळ्या शहरानं पाहिलं.

पेट घेतलाच तर

आधी ओरडा, मग १०१ किंवा ११२ ला फोन, मग सिलिंडर. बहुतेक जण क्रम उलटा करतात आणि सिलिंडर संपल्यावर फोन शोधतात. फोनवर रस्ता, चौक, जवळची खूण, कितवा मजला आणि आत कोणी अडकलंय का, एवढं सांगा. एक माणूस गाडीला वाट दाखवायला रस्त्यावर पाठवा. एमआयडीसीतल्या सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात. मेन बंद, टाक्यांचे व्हॉल्व्ह हाताला लागत असतील तरच बंद. आग कमरेच्या वर गेली किंवा धूर डोक्याच्या उंचीला उतरला की सिलिंडर टाकून बाहेर पडा, वाकून, दार मागे ओढून घेत. कुलूप लावायचं नाही.

आणि गठ्ठा धुमसताना सापडला तर माझ्यासारखी दोरी कापू नका. आधी आहे तसाच भिजवा, भोकात नोझल घालून, पाणी बाहेर वाहेपर्यंत. मग ढकलत मोकळ्या अंगणात न्या, भिंतीपासून आणि वाहनांपासून लांब. तिथं पाण्याचा पंप तयार ठेवून उघडा, आणि उघडलेला प्रत्येक थर पुन्हा भिजवा. विझला असं वाटलं तरी तो रात्री परत आत घ्यायचा नाही. आमचा तो गठ्ठा दोन बादल्या पिऊन अंगणात पडला होता. सकाळी सातला मधल्या घडीत बोटं घातली, तर आत अजून ऊब होती.